'गर्ल्स विल बी गर्ल्स': गोष्ट मीराची की अनिलाची? (कथानक फुटलेलं आहे)

चिंचपन्हं

सिनेमा बघायचा असेल त्यांनी आधी बघून या. या चर्चेच्या धाग्यात मी शेवटापर्यंत सगळं बोलणार आहे. नंतर "अरेरे, फोडलंत" म्हणू नका.

शुची तलाटी यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. जानेवारी २०२४ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षक पसंतीचं पारितोषिक मिळालं, मीरा झालेल्या प्रीती पाणिग्रहीला अभिनयासाठी परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं आणि डिसेंबरात तो प्राइम व्हिडिओवर आला. निर्मात्यांमध्ये रिचा चढ्ढा आणि अली फजल आहेत. भाषा हिंदी-इंग्रजी, तसल्या शाळांमधून बोलतात तशी.

काळ नव्वदच्या दशकातला. हिमालयातली एक कडक निवासी शाळा. मीरा ही तिथली पहिली मुलगी हेड प्रीफेक्ट, म्हणजे विद्यार्थिप्रमुख. प्रार्थनेला सगळ्यांकडून प्रतिज्ञा म्हणून घेणार, कुणाचा गणवेश नीट नाही ते बघणार, अभ्यासात कुणाला पुढे जाऊ देणार नाही. मग श्री येतो. वडील परराष्ट्र सेवेत, मुलगा हाँगकाँगला राहून आलेला, ताऱ्यांचा नाद, बोलायला गोड. दुर्बीण, थंडी आणि ही दोघं. मीरा प्रेमात पडते तीही अभ्यासाला बसल्यासारखी. हे काय असतं, कसं असतं, आपल्याला जमेल का, अशी तयारी करून. मला हे फार खरं वाटलं. हुशार मुली लाजायच्या आधी माहिती काढतात.

इथवर ओळखीचं. पुढे येते आई. अनिला (कनी कुसृती) लेकीच्या परीक्षेच्या दिवसांत शाळेजवळच घर करून राहिली आहे. प्रकरण तिच्या लगेच लक्षात येतं आणि ती आरडाओरडा करत नाही. घरी बोलाव म्हणते त्याला, काय भेटायचं ते माझ्यादेखत भेटा. (आपल्याकडच्या किती आयांनी हा डाव टाकलाय! मीही टाकायच्या बेतात आहे.) श्री घरी येतो. अनिला त्याला जेवूखाऊ घालते, हसते, गप्पा मारते. मोठ्या माणसांना खूश कसं ठेवायचं हे या पोराला पक्कं ठाऊक आहे. बघता बघता मीरा स्वतःच्या घरात, स्वतःच्या मित्रासमोर बाजूला पडते. मत्सर, लाज, आईबद्दलचा राग आणि आई किती छान दिसतेय याचं आश्चर्य, सगळं त्या पोरीच्या चेहऱ्यावर एकाच वेळी चाललेलं असतं आणि कॅमेरा तिथून हलत नाही.

मला म्हणायचंय ते असं. मराठीत वयात येण्याच्या सिनेमांना तोटा नाही, पण डोळे कायम मुलाचे. 'शाळा'तली शिरोडकर आपल्याला जोशीला दिसते तेवढीच दिसते. तिला तो का आवडला, घरी जाऊन वही उघडून बसल्यावर तिच्या डोक्यात काय चालायचं, आपल्याला पत्ता नाही. 'फँड्री'चं दुखणं वेगळं आणि फार मोठं आहे, पण शालू तिथेही लांबूनच. मुलगी म्हणजे जिच्याकडे बघायचं ती. या सिनेमात बघणारी मुलगी आहे. तिने बघितलं म्हणून गोष्ट तिला विहिरीत ढकलत नाही, पळवून नेत नाही, तिला दिवस जात नाहीत. हिशेब चुकता करतात ती शाळेतली पोरं. ते वेगळं आणि त्यावर बोलूच.

तर दोन प्रश्न. एक, तुमच्या मते ही गोष्ट मीराची की अनिलाची? दोन, माझी लेक दहावीत गेली आहे. तिच्याबरोबर बघावा का?

रिकामटेकडा

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. संध्याकाळपर्यंत सदाशिवकाका येतील आणि धागा टिळक-आगरकरांवर जाईल. पैज.

ताईमास्तर

गोष्ट दोघींची वगैरे ठीक आहे, माझ्या मनातून जिना जात नाही.

ज्यांनी बघितलाय त्यांना आठवेल. मुलं जिन्याखालून मुलींचे फोटो काढतात. मीरा तक्रार घेऊन जाते. प्रीफेक्ट आहे ना, नियम असतात, शिक्षा होते, यावर तिचा विश्वास आहे. पुढे शिक्षक दिनाला तीच पोरं तिचा सूड घ्यायला निघतात.

मी पेठेतल्या एका शाळेत (नाव नको) बरीच वर्षं शिकवलं. आमचा जिना लोखंडी कठड्याचा, खालून सगळं दिसणारा. तेव्हा मोबाइल नव्हते, पण मधल्या सुट्टीत जिन्याखाली घोळका असायचाच. मुली दोन-तीन जणींच्या गटाने, फ्रॉक मुठीत धरून उतरायच्या. आम्ही बायकांनी शिक्षक-सभेत विषय काढला. निर्णय काय झाला? कठड्याला पत्रे ठोकले, त्यांना करडा ऑइलपेंट दिला आणि मुलींना सूचना निघाली की गणवेशाच्या आत स्लॅक्स सक्तीची. मुलांसाठी सूचना शून्य. जिन्याखाली उभं राहू नका, एवढं एक वाक्यसुद्धा फळ्यावर लिहिलं नाही कुणी. आणि आम्हाला त्या दिवशी प्रश्न सुटल्यासारखं वाटलं होतं हो!

२००७ मध्ये राज्यात लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला तेव्हा तर बोलण्याची ती एक चोरवाटही गेली. नववीच्या मुली मला प्रजननाच्या धड्यावर प्रश्न विचारायच्या. शिपाई दाराशी आला की पान उलटून परागीभवनावर यायच्या.

आपल्याकडचा शिक्षक दिन आठवून बघा. दहावीच्या पोरी आईच्या साड्या नेसून येतात. वर्गावर जाऊन खडू हातात घेतात, हजेरी घेतात, ओरडतात. त्या एका दिवशी त्यांना अधिकार मिळतो आणि नेमकं त्याच दिवशी मुलं त्यांना "मॅडम" म्हणत हसतात, पदर ओढल्यासारखं करतात. सिनेमाने तो दिवस निवडला यात मला अजिबात योगायोग दिसत नाही.

कात्रजचा_बोगदा

मुलीचा बाप म्हणून लिहितोय, बायकांच्या धाग्यात घुसलो म्हणून माफी.

श्री मला वाईट मुलगा वाटला नाही. थोडा आतल्या गाठीचा आहे, पण त्या वयात कोण नसतो? माझा आक्षेप आईवर आहे. मुलीच्या मित्राशी तुम्ही इतकं मोकळं का वागावं? तो पोरगा, तुम्ही चाळिशीला आलेल्या. तुमच्यात काही "तसं" नाही हे मान्य. पण मुलीला काय वाटेल याचा विचार आईने नाही करायचा तर कुणी करायचा? मी तर मध्येच बंद केला होता, हिच्या आग्रहाने पुन्हा लावला.

मुलीबरोबर बघायचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे जाहिरात लागली तरी रिमोट शोधायची घाई होते.

चिंचपन्हं

बोगदासाहेब, माफी कसली, या की. पण "चाळिशीला आलेल्या" हे तुम्ही असं लिहिलंय जणू चाळिशीत बाईचं मीटर बंद होतं.

अनिला स्वतः त्याच शाळेत शिकलेली आहे. मुलीचं जे वय आत्ता त्या आवारात चाललंय, ते तिचंही तिथेच गेलं. पुढे लग्न, मूल, नवरा बहुतेक वेळ दुसरीकडे. तिच्याकडे कुणी शेवटचं कधी नीट बघितलं असेल? एक मुलगा येतो, तिने केलेलं मनापासून खातो, तिचे विनोद समजतात त्याला, ती बोलते तेव्हा फोन-पेपर-टीव्ही न बघता ऐकतो. तिला बरं वाटतं. एवढंच. आणि त्या बरं वाटण्यात लेकीचा घास आपण ओढून घेतोय हे तिला थोडं कळतंय, थोडं कळून घ्यायचं नाहीये. ती चुकत नाही असं मी म्हणत नाही. पहारा आणि हेवा एकाच हातात असतो, हे मराठीत कुणी दाखवलेलं मला आठवत नाही.

सदाशिव_सत्तावीस

रिकामटेकड्याला पैज जिंकू द्यायची नव्हती, पण इलाज नाही.

मुलींच्या इच्छेबद्दल आपल्या पुण्यात सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यावरून. मुलीचं संमतीचं वय १० वरून १२ करायचं, एवढाच मामला. त्याच्या थोडंच आधी कलकत्त्याच्या फुलमणी दासी या बालवधूचा मृत्यू झाला होता, त्याने मागणीला धार आली होती. टिळकांनी केसरीतून विरोध केला: सुधारणा हवी तर समाज करील, परक्या सरकारने घरात हात घालू नये. आगरकर 'सुधारक'मधून कायद्याच्या बाजूने. भांडारकरांनी संस्कृत वचनं काढून दाखवली की शास्त्र आड येत नाही. दोन्हीकडे विद्वत्तेचे डोंगर. माझा रोख असा, की ज्यांच्या देहाबद्दल हे चाललं होतं त्यांचं वाक्य या सगळ्या कागदांत शोधायला गेलात तर हाताला फार थोडं लागतं.

एक अपवाद ठळक. रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला नकार दिला, खटला चालला, १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंग. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्याआधी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांची पत्रं आली होती, सही 'एक हिंदू स्त्री'. इच्छा म्हटलं की आपण लगेच "हवं"चा विचार करतो. "नको" हीसुद्धा इच्छाच आहे आणि ती बोलून दाखवायलाही टोपणनाव लागलं.

आता सिनेमाबद्दल: अजून पाहिलेला नाही. सौ.नी काल रात्री एकटीने पाहिला.

रिकामटेकडा

१८९१! मी १९०० च्या आत धरून होतो, जिंकलो. आणि रखमाबाई म्हणजे आयडी घेऊन लिहिणाऱ्या आद्य मराठी बाई म्हणायच्या. साष्टांग.

काका, सिनेमा न बघता सगळ्यात लांब प्रतिसाद देण्याचा मान याही धाग्यावर तुमचाच.

तारीखपेतारीख

काकांच्या १० आणि १२ नंतरचं मी सांगते, रोज त्यातच असते.

२०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याने १८ खालची प्रत्येक व्यक्ती बालक. त्याआधी संमतीचं वय १६ होतं. म्हणजे दोघं १७ ची असली, दोघांच्या मनात असलं, तरी कायदा त्या संमतीला संमती धरत नाही. शिवाय गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा. हेतू चांगला आहे, लहान पोरांवर अत्याचार करणाऱ्यांसाठी असा कायदा हवाच होता. पण कोर्टात माझ्यासमोर जी प्रकरणं येतात त्यांतली कितीतरी मुलीच्या बापाने "पळवून नेली" म्हणून घातलेली असतात आणि मुलगी आत येऊन सांगते, मी माझ्या मनाने गेले होते. न्यायाधीश ऐकतात, लिहून घेतात. पुढे काय करायचं हा प्रश्न उरतोच.

जिन्याबद्दल, ताईमास्तर: मीराच्या काळात अशा फोटोंसाठी नेमकं कलम नव्हतंच. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ई आलं. परवानगीशिवाय कुणाच्या खाजगी भागाचा फोटो काढणं, पाठवणं, छापणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आतले कपडे घातलेले असले तरी ते कलम लागतं. शाळांनी पत्रे ठोकण्याआधी हे वाचून दाखवलं तरी चालेल.

स्कार्फवाली

मी या धाग्यावरची बहुतेक सगळ्यात लहान. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार माझा, कारण मी ती "लेक" आहे.

माझी आई "मी तुझी मैत्रीणच आहे" या पक्षातली. मारलं नाही, ओरडली नाही, सगळं सांग म्हणायची. मी सांगायचे. अकरावीत क्लासमधला एक मुलगा आवडायचा, तेही सांगितलं. तर तिने त्याच्या आईशी ओळख काढली, दिवाळीला फराळाचा डबा दिला, तो घरी आला की "तू काकूंना विसरलास" वगैरे. तो मुलगा मला आवडेनासा झाला. कारण तो आता आमच्या घरचा झाला होता, माझा काही राहिलाच नव्हता. अनिला श्रीला वाढते तो प्रसंग मी थांबवून उठले आणि गॅलरीत जाऊन आले.

तुम्ही पहारा म्हणता तो तेव्हा बरा होता असं मला वाटतं. मीरासाठी शाळा, आई आणि एक टेलिफोन. चुकवता येण्यासारखं होतं. माझ्या फोनवर लाइव्ह लोकेशन कायम चालू. बॅटरी संपली तर "कुठे आहेस" याआधी "चार्जर का नाही नेलास" हा प्रश्न. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा, त्याचं फूटेज सोसायटीच्या ग्रुपवर, ग्रुपवर काका. मग स्कार्फ. बाहेरच्या लोकांना वाटतं पुण्याच्या मुली उन्हाला आणि धुराला घाबरून तोंड बांधतात. उन्हाला बांधतोच. पण कर्वे रोडच्या सिग्नलला शेजारच्या गाडीवर सख्खी मावशी उभी होती आणि तिने मला ओळखलं नाही, त्या एका मिनिटात मला जे वाटलं ते कुठल्याच सनस्क्रीनमध्ये नाही. डोळे सोडून सगळं झाकलेलं, मागे कोण बसलंय त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, हिरवा लागला, गेलो. स्कार्फ सोडून जोडप्यांच्या त्या झेड ब्रिजवर उभं राहण्याची हिंमत मला अजून झालेली नाही, आणि मी चांगली एकवीस वर्षांची आहे.

तर चिंचपन्हंताई, उत्तर: बरोबर बसून बघू नका. "असा असा सिनेमा आहे, चांगला आहे" एवढं सांगा आणि विषय सोडा. ती बघेल. "कसा वाटला" हे तर मुळीच विचारू नका. तुमच्या तोंडून तो प्रश्न चर्चा राहत नाही, चौकशी होते.

ताईमास्तर

स्कार्फवाली, शंभर नमस्कार. वाखूत (वाचनखुणांत) साठवला हा प्रतिसाद.

कात्रजचा_बोगदा

लोकेशनचं माझ्या लेकीनेही ऐकवलंय. मी काळजीने लावलंय, संशयाने नाही, हे तिला पटवून देणं मला जमलेलं नाही. तुम्ही लोक सांगा, रात्री साडेदहाला कात्रज-देहूरोड बायपासवर रिक्षात असलेल्या पोरीचा ठिपका बापाने बघू नये का?

स्कार्फवाली

बघावा की. साडेदहाचा बघा. दुपारी साडेतीनचा कशाला बघता?

पाऊसपाणी

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एका गोष्टीचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. धाग्यात इच्छा म्हटलं की मुलगाच गृहीत आहे.

मी कॉलेजला असताना मैत्रीण माझ्याकडे राहायला यायची. आठ-आठ दिवस. दार बंद करून आम्ही "अभ्यास" करायचो. आई थर्मासमध्ये चहा ठेवून जायची, रात्री गार पडतं म्हणून जास्तीचं पांघरूण द्यायची. दार उघडं ठेवा असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. भावाचा मित्र जरा वेळ बसला तर मात्र आजी पोथी घेऊन बाहेरच्या खोलीत यायची. मीराकडे सगळं जग टक लावून बघतंय, हा तिचा जाच. आमच्याकडे कुणी बघतच नव्हतं. त्या वेळी मला त्याची मजा वाटायची. मग तिचं लग्न ठरलं आणि मी रडले, तर सगळे म्हणाले, मैत्रीण दूर जाणार म्हणून पोरगी रडतेय, किती जीव आहे बघा एकमेकींवर. त्यावर मी काय बोलणार होते?

तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' कुणी बघितलंय का? १९८१ चं नाटक, रोहिणी हट्टंगडी मित्रा नावाच्या मुलीच्या भूमिकेत. पुण्यातलं कॉलेज, तिथल्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते आणि नमा नावाच्या मुलीवर तिचा जीव जडतो. मराठी रंगभूमीवर हे चाळीस वर्षांपूर्वी झालंय याचा मला अभिमान आहे. पण चिंचपन्हंताईंचा मुद्दा तिथेही लागू पडतो: ती गोष्ट आपल्याला सांगतो बापू. मुलगा. मित्राला काय वाटलं ते बापूला कळलं तेवढं. आणि शेवटी ती मरते. मला मित्राने सांगितलेली मित्राची गोष्ट हवी आहे. कुणी लिहीत असेल तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

रिकामटेकडा

एरवी मी इथे काहीतरी फालतू टाकलं असतं. आज नाही. फक्त पोच.

मिसळ_कमीतिखट

'बालक-पालक'चं नाव कुणीच कसं घेत नाही? २०१३ चा, रवी जाधवांचा. त्यात डॉली आणि चिऊ होत्या, बघण्यात, प्रश्न विचारण्यात त्या मुलांच्या बरोबरीने होत्या. धागाकर्तीने मराठीला फार झोडपलंय.

चिंचपन्हं

झोडपलं नाही, आपलंच म्हणून बोलले. 'बालक-पालक' माझा आवडता आहे, आमच्या घरात त्यातल्या विनोदांवर अजून हसतात. पण सुरुवात आठवा. चाळीतल्या एका मोठ्या ताईने "शेण खाल्लं", म्हणून तिला चाळ सोडून जावं लागतं आणि ते शेण म्हणजे काय ते शोधायला पोरं निघतात. पोरांचं कुतूहल हा सिनेमा झाला. त्या ताईचं काय झालं? ती पहिल्याच रिळात टेम्पोत सामान भरून गेली. मी त्या टेम्पोत बसून जाणाऱ्या सिनेमाबद्दल बोलतेय.

पाऊसपाणी, तुमच्यासाठी वेगळं लिहायला हवं, घाईत नको. एवढंच म्हणते की दार उघडं ठेवायला सांगणाऱ्या आयांमध्ये मीही आहे आणि मुलीच्या मैत्रिणींचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

तारीखपेतारीख

अवांतर: कनी कुसृतीचं २०२४ हे वर्ष बघा. इकडे अनिला, तिकडे पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मधली नर्स. तो कान महोत्सवातून ग्राँ प्री पारितोषिक घेऊन आला आणि पायल आपल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ बघा. एकीत ती प्रेमाच्या गोष्टींकडे लांबून बघणारी, दुसरीत मध्ये शिरणारी. चेहरा तोच, पण अनिलाचं हसणं आणि त्या नर्सचं गप्प राहणं एकाच बाईचं वाटत नाही.

कात्रजचा_बोगदा

पुन्हा पूर्ण बघितला, आता आईबद्दल जरा कमी चिडलो आहे. शिक्षक दिनाला पोरं मीराच्या मागे लागतात तेव्हा तिला सोडवायला अनिलाच येते ना. श्री नाही, बाप नाही, शाळा तर नाहीच. पण तरी माझा मुद्दा सोडत नाही: आधी जे केलं ते त्याने पुसलं जात नाही. दिग्दर्शिकेने आईला शेवटी स्वस्तात सोडलंय.

ताईमास्तर

स्वस्तात? पोरीने तिच्याबद्दल आतल्या आत काय काय म्हणून घेतलंय ते तिला कळलंय. मला तर उलट मुख्याध्यापिकेला स्वस्तात सोडल्यासारखं वाटलं. नियम मोडणारी मुलगी सापडली की ज्या बायका सगळ्यात आधी कडक होतात, त्यांनी स्वतः ते नियम कसे गिळले असतील याची एक झलक हवी होती. मी त्या खुर्चीच्या फार जवळ बसले आहे, म्हणून म्हणते.

सदाशिव_सत्तावीस

कुटुंबाला मत विचारलं. म्हणाल्या, "तुमच्या तोंडून कशाला, माझं मी लिहीन, नाव नोंदवून द्या." नोंदवून दिलं आहे. परवलीचा शब्द मला सांगितलेला नाही.

उत्तराभिमुख

नमस्कार. मी वरच्यांची सौ. पहिलाच प्रतिसाद, टंकायला वेळ लागतो.

मुलींच्या शाळेत शिकले, पेठेतल्याच. आमच्याकडे श्री नव्हता, शाळेच्या वाटेवरचा सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा होता. वर्गातल्या निम्म्या जणींच्या सायकली त्या वर्षी फार पंक्चर व्हायच्या. त्याच्याशी कुणी चार वाक्यंही बोललं नसेल. पण तो चाकाला पाणी लावून बुडबुडा शोधायचा तेव्हा आम्ही त्याच्या हातांकडे बघत उभ्या राहायचो. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. ह्यांनी वाचलं तरी चालेल.

सगळे अनिलावर लिहिताय. ती चुकली, नाही चुकली, किती चुकली. मीराच्या वडिलांबद्दल एवढ्या प्रतिसादांत दोन शब्द आहेत. ते घरी किती दिसतात आणि आले की काय विचारतात ते पुन्हा बघा. अनिला त्या मुलाला वाढताना हसते तशी नवऱ्याला वाढताना का हसत नाही, याचं उत्तर बोगदा यांनी द्यावं, कारण ते बाप म्हणून लिहितो म्हणाले. ह्यांच्याकडून मी अपेक्षा ठेवत नाही, हे सध्या १८९१ मध्ये आहेत.